राजपत्र आलं, आता कपाटातल्या फायलींचं काय?

अधिसूचना आता बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरच येते. राजपत्राची पीडीएफ, आधी हिंदी पानं, मग इंग्रजी, आणि खाली कुणीतरी टाकलेलं ‘अर्जंट, सगळ्यांनी नोंद घ्यावी’. तासाभरात डीन ऑफिसातून फोन येतो: आपल्या एथिक्स कमिटीला (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीला) हे लागू आहे का? अधिसूचना वाचायला एक दुपार पुरते. पण कपाटातल्या चालू अभ्यासांच्या शे-दोनशे फायलींपैकी कुठल्या फायलीला ती लागू होते, हे ठरवायला महिना जातो. हे लिखाण त्या महिन्याबद्दल आहे.

मराठवाड्यातल्या मेडिकल कॉलेजांत कमिटीचा मेंबर सेक्रेटरी हा पूर्णवेळ माणूस नसतो. तो फार्माकॉलॉजीचा (औषधशास्त्राचा) नाहीतर पीएसएमचा (जनआरोग्याचा) प्राध्यापक असतो. लेक्चरं, परीक्षा, इन्स्पेक्शन सांभाळून उरलेल्या वेळात तो सिनॉप्सिस (अभ्यासांचे आराखडे) वाचतो. कारकून मिळालाच तर अर्धा मिळतो, उरलेला अर्धा स्टुडंट सेक्शनचा. दिल्लीत नियम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र नसतं, आणि बदलाचं सगळं ओझं नेमकं इथेच येऊन पडतं.

आधी तारीख बघा

पीडीएफ उघडली की पहिल्या पानावर ‘मसुदा’ हा शब्द आहे का ते बघायचं. मसुदा हरकती-सूचनांसाठी असतो, त्यावरून एसओपी (कमिटीची लेखी कार्यपद्धती) बदलायची नाही. नवीन औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांचा मसुदा २०१८ च्या फेब्रुवारीत आला आणि अंतिम नियम १९ मार्च २०१९ ला. मसुद्यात चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाईची ६० टक्के रक्कम आधीच द्यावी अशी तरतूद होती, अंतिम नियमांत ती नाही. मसुदा वाचून ज्यांनी एसओपीत ती घातली, त्यांना वर्षभरात काढावी लागली.

दुसरी गोष्ट, प्रसिद्धीची तारीख आणि अंमलाची तारीख वेगवेगळ्या असू शकतात. क्लिनिकल रिसर्च ऑर्गनायझेशनना (कंपन्यांसाठी चाचण्या चालवणाऱ्या संस्थांना) नोंदणी सक्तीची करणारी दुरुस्ती सप्टेंबर २०२४ ची, पण ती लागू झाली १ एप्रिल २०२५ पासून. वैयक्तिक डेटा संरक्षणाचं तर विचारूच नका: कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यावर १८ महिन्यांनी. ‘कायदा लागू झाला’ एवढंच परिपत्रक काढणाऱ्या कॉलेजाला आधी विचारावं लागतं, यातला कुठला भाग?

तिसरी गोष्ट, कागदाचं वजन. कायदा आणि त्याखालचे नियम मोडता येत नाहीत. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तांत्रिकदृष्ट्या मार्गदर्शक असली, तरी २०१९ च्या नियमांनी जैववैद्यकीय संशोधनासाठी ती पाळायला सांगितली आहेत, म्हणून त्यांना नियमाचंच वजन आलं. वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेवरच्या हेलसिंकी जाहीरनाम्याची ऑक्टोबर २०२४ ची आवृत्ती किंवा जानेवारी २०२५ मध्ये पक्की झालेली जीसीपीची (चाचण्या नीट चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांची) ई६ आर३ आवृत्ती यांचं तसं नाही. प्रायोजक कंपन्या त्यांचा आग्रह धरतात, आणि त्या वाचायलाच हव्यात, पण त्यांच्यासाठी एमडीच्या विद्यार्थ्याची फाइल अडवून धरण्यात अर्थ नाही. कागदाचं वजन न बघता सगळ्याच कागदांना सारखं घाबरणारी कमिटी सगळ्यात हळू चालते, असं आमचं मत आहे.

मग रजिस्टर काढायचं. साधी एक्सेल शीट पुरते. फाइल नंबर, मंजुरी कुठल्या नियमाखाली दिली, अभ्यासाचा प्रकार, कन्सेंट फॉर्मची आवृत्ती आणि तारीख, पुढच्या वार्षिक आढाव्याचा महिना. हे रकाने सगळ्यांकडे असतात. जो रकाना बहुतेकांकडे नसतो आणि बदलाच्या वेळी सगळ्यात जास्त लागतो, तो म्हणजे अभ्यास आज कुठल्या टप्प्यात आहे: सहभागी अजून घेतले जातायत, घेणं संपलं पण उपचार चालू आहे, नुसता फॉलोअप उरलाय, की फक्त आकडेमोड चाललीय. सहभागी घेणं चालू असेल तर नवा नियम कन्सेंट फॉर्मपर्यंत पोचतो. फॉलोअप उरला असेल तर बहुधा एका पत्रावर भागतं. आकडेमोडीच्या फायलींना बहुतेक बदल शिवतही नाहीत, डेटाचे नियम सोडून. हा एक रकाना भरला की दोनशे फायलींचं काम तीस-चाळीसवर येतं.

दोन नोंदण्या, आणि ५० किलोमीटर

२०१३ पर्यंत एथिक्स कमिटीला सरकारी नोंदणीच नव्हती. खम्मम आणि वडोदऱ्यातला एचपीव्ही लसीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीचा) प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला, संसदीय समितीने ताशेरे ओढले, सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका चालली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये औषध चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या कमिट्यांना नोंदणी सक्तीची झाली. २०१९ च्या नियमांनी दुसरी नोंदणी आणली. औषधं आणि उपकरणांच्या नियामक चाचण्यांसाठी सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे), आणि बाकीच्या जैववैद्यकीय संशोधनासाठी, म्हणजे पीजीच्या थीसिसपासून गावातल्या सर्व्हेपर्यंत सगळ्यासाठी, आरोग्य संशोधन विभागाकडे ‘नैतिक’ पोर्टलवर. अर्ज दोन्हीकडे सीटी-०१ नमुन्यातच, पण नोंदणी वेगळी. सीडीएससीओची नोंदणी पाच वर्षांची. आरोग्य संशोधन विभाग आधी दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी देतो आणि छाननीनंतर पाच वर्षांची अंतिम.

गफलत इथेच होते. सीडीएससीओचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं, म्हणून थीसिसही त्याच्याखाली मंजूर होत राहतात. ते चालत नाही. उलट गफलतही होते: फक्त थीसिसपुरती नोंदणी असलेल्या कॉलेजात कंपनीची चाचणी येते, पीआय (मुख्य संशोधक) उत्साहात सही करतो, आणि साइट (चाचणीचं ठिकाण) सुरू व्हायच्या आठवड्यात नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या ९० दिवस आधी करायचा असतो. ती तारीख कॅलेंडरमध्ये घालताना जुलै-ऑगस्टमध्ये पडत असेल तर आणखी महिनाभर अलीकडे ओढावी, कारण त्या दिवसांत नव्या पीजी बॅचच्या सिनॉप्सिसनी टेबल भरलेलं असतं.

थीसिसमधलं एक प्रकरण वेगळं काढून बघावं लागतं. बाजारात मंजूर असलेलं औषध नव्या आजारासाठी, नव्या मात्रेत किंवा नव्या मार्गाने वापरून बघायचं असेल आणि निष्कर्ष विक्रीपरवान्यासाठी वापरायचे नसतील, तर ती शैक्षणिक चाचणी, तिला दिल्लीची परवानगी लागत नाही, कमिटीची मंजुरी पुरते. पण ही शैक्षणिक आहे की आडून नियामक आहे अशी शंका कमिटीला आली, तर तिने केंद्रीय प्राधिकरणाला, म्हणजे सीडीएससीओला लिहायचं. तिथून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगीची गरज नाही असं धरायचं. हे ३० दिवस मोजता येण्यासाठी पत्र कधी गेलं याचा पुरावा हवा. डिस्पॅचचा नंबर, पोर्टलची पावती, ईमेलची प्रत, जे असेल ते त्याच दिवशी फाइलला लावून टाकावं.

आता सदस्य. किमान सात, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा. एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक, एक समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा वगैरे. बैठकीचा कोरम (किमान हजेरी) पाचाचा, आणि तो नुसत्या डोक्यांचा नाही: मूलभूत वैद्यकशास्त्राचा (शक्यतो फार्माकॉलॉजीचा) माणूस, क्लिनिशियन (रुग्ण बघणारा डॉक्टर), वकील, समाजशास्त्र किंवा तत्सम क्षेत्रातला माणूस, आणि सामान्य नागरिक. पाच क्लिनिशियन बसले तरी कोरम होत नाही. सरकारी कॉलेजात उन्हाळ्यात बदल्यांची यादी लागली की फार्माकॉलॉजीचे सर लातूरहून नांदेडला जातात आणि कोरमचा एक पाय मोडतो. सदस्य बदलला की ३० कामकाजाच्या दिवसांत कळवायचं असतं, आणि यादी लागल्यावर कार्यमुक्तीच्या गोंधळात हे कुणाला सुचत नाही. उपाय एकच: प्रत्येक भूमिकेला एक पर्यायी सदस्य आधीच नेमून, प्रशिक्षण देऊन, नोंदणीत घालून ठेवायचा. वकील आणि सामान्य नागरिक यांचे पर्यायी तर आधी शोधावेत. तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करणारा वकील तारीख पडली की बैठकीला येत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

एक किरकोळ वाटणारा बदलही सांगतो. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. कन्सेंट फॉर्मवर एक नाव, नोंदणीवर दुसरं, विमा पॉलिसीवर तिसरं, अशी फाइल तपासणीत अडते. पत्ता बदललेला नसून नाव बदललं आहे हे सांगणारं एकच पत्र, शासनाच्या अधिसूचनेच्या प्रतीसह, प्रत्येक चालू फाइलला लावलं की काम होतं. सगळे जुने फॉर्म फाडून पुन्हा छापायची गरज नाही.

आणि ५० किलोमीटर. ज्या साइटला स्वतःची कमिटी नाही तिथली चाचणी दुसऱ्या साइटची किंवा स्वतंत्र कमिटी मंजूर करू शकते, पण ती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या त्रिज्येत हवी. मुंबई-पुण्यात या अटीचा कुणाला त्रास होत नाही. मराठवाड्याचा नकाशा उघडून पट्टी लावून बघा. जालना ते संभाजीनगर सरळ रेषेत ५५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बाहेर. परभणी ते नांदेड बाहेर. हिंगोली नांदेडपासूनही बाहेर आणि परभणीपासूनही. धाराशिव लातूरपासून बाहेर, सोलापूरपासूनही. अंबाजोगाई आणि लातूर तेवढे सरळ रेषेत ५० च्या आत बसतात, आणि नियमात शब्द त्रिज्येचा आहे, एसटीच्या तिकिटावरच्या अंतराचा नाही. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या खासगी हॉस्पिटलला चाचणी घ्यायची असेल तर गावातच नोंदणीकृत कमिटी हवी, नाहीतर चाचणी नाही. अट चुकीची नाही, कमिटीने साइटवर जाऊन बघावं हाच तिचा हेतू आहे. पण तिचा परिणाम असा की मराठवाड्यातला रुग्ण नव्या औषधाच्या चाचणीसाठी पुणे-हैदराबाद गाठतो.

तोच अभ्यास, वेगळं उत्तर

धोरण बदललं की फॉर्म बदलतात, असं समजून बहुतेक कमिट्या थांबतात. खरं तर उत्तर बदलतं. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्याच मातीतलं आहे.

१९९९ ला सुरू झालेला उस्मानाबाद जिल्ह्यातला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ गट, चार विभाग: एका विभागात एचपीव्ही (या कर्करोगाच्या विषाणूची) चाचणी, एकात पॅप (पेशींची तपासणी), एकात व्हीआयए म्हणजे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या, म्हणजे तुलना विभागात ३१,४८८ बायकांना तपासणी नाही, नेहमीची सेवा आणि माहिती. निकाल २००९ मध्ये आला: आठ वर्षांत एचपीव्ही विभागात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तुलना विभागात ६४. एकदाच केलेल्या चाचणीने ग्रामीण भागात मृत्यू कमी होतात हे जगाला या अभ्यासाने दाखवलं. आणि चौथ्या विभागाला तपासणी का दिली नाही, यावरून पुढे देशाबाहेरूनही टीका झाली.

तेव्हाचं समर्थन होतं, की देशात संघटित तपासणीच नव्हती, म्हणून ‘नेहमीची सेवा’ म्हणजे काहीच नाही. २०१६ मध्ये केंद्राने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी करायची असा आराखडा आणला, गर्भाशयमुखासाठी व्हीआयए. त्या दिवसापासून तुलना विभागाचा अर्थ बदलला. आज असाच प्रस्ताव टेबलावर आला आणि तुलना विभागात ‘स्टँडर्ड केअर’ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ किमान व्हीआयए.

इथे कमिटीने एक प्रश्न आणखी विचारायला हवा, आणि तो क्वचित विचारला जातो. कागदावर व्हीआयए आहे, पण या गावांच्या उपकेंद्रात ती होते का? कुठल्या वारी? करणारी नर्स प्रशिक्षित आहे का? गेल्या वर्षीच्या रजिस्टरमध्ये किती नोंदी आहेत? पॉझिटिव्ह आलेल्या बाईला पुढे कुठे पाठवतात आणि ती तिथे पोचते का? उपकेंद्रात प्रत्यक्ष काही होत नसेल तर तुलना विभागाला ‘सरकारी सेवा मिळेल’ असं लिहिणं म्हणजे नियम पाळून फसवणं. अशा वेळी अभ्यासाच्या बजेटमधूनच तुलना विभागातल्या गावांना व्हीआयए द्या, असं सांगायला कमिटी मोकळी आहे. म्हणून नवं राष्ट्रीय कार्यक्रमपत्रक आलं की, क्षयाचं असो, रक्तक्षयाचं असो की मधुमेहाचं, चालू फायलींमधल्या तुलना विभागाचं कलम पुन्हा उघडून वाचायचं. हे काम एसओपीच्या कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

भरपाई: १५ लाखांचा फरक एका आकड्यात

जानेवारी २०१३ मध्ये चाचणीतल्या मृत्यू आणि इजेची भरपाई नियमात आली, २०१९ मध्ये सूत्र सातव्या परिशिष्टात बसलं. पायाभूत ८ लाख गुणिले वयाचा गुणक गुणिले जोखमीचा गुणक, भागिले ९९.३७. वयाचा गुणक कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यातून: ४० व्या वर्षी १८४.१७, ४५ ला १६९.४४, ६५ ला ९९.३७ (म्हणून भाजक तो). जोखमीचा गुणक अर्ध्यापासून चारपर्यंत: सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नसलेल्याला ०.५, जास्त जोखमीच्या रुग्णाला १, मध्यम जोखमीला २, कमी जोखमीला ३, निरोगी स्वयंसेवकाला ४.

४० वर्षांचा रुग्ण दगावला आणि कमिटीने जोखीम मध्यम धरली, तर रक्कम साधारण २९ लाख ६५ हजार. जास्त धरली, तर १४ लाख ८३ हजार. घरच्यांना मिळणारी निम्मी रक्कम एका आकड्यावर ठरते. आणि तो आकडा ठरवायचा तो नोंदणीच्या दिवशी रुग्णाची अवस्था काय होती यावरून, मरताना काय होती यावरून नाही. म्हणून पहिल्या दिवसाच्या केस पेपरवर नुसतं ‘मधुमेह, बीपी’ लिहिलेलं चालत नाही. किती वर्षांपासून, क्रिएटिनिन किती, इको केला का, हे नसेल तर कमिटी अंदाजावर निर्णय देते आणि कंपनीचा डॉक्टर त्या अंदाजाला आव्हान देतो.

वयाचंही तसंच. शाळेत घालताना लिहिलेली १ जूनची जन्मतारीख मराठवाड्यात घरोघरी आहे. वरच्याच उदाहरणात वय ४० ऐवजी ४५ धरलं, तर रक्कम २७ लाख २८ हजारांवर येते. नोंदणीच्या दिवशीच कुठल्या कागदावरून वय घेतलं ते लिहून ठेवायचं. नंतर नातेवाइकांनी दुसरा दाखला आणला की वाद नको.

वेळापत्रक कडक आहे. गंभीर प्रतिकूल घटना घडल्यापासून २४ तासांत पीआयने केंद्रीय प्राधिकरण, प्रायोजक आणि कमिटीला कळवायचं, १४ दिवसांत पीआय आणि प्रायोजकाचं विश्लेषण, आणि घटना कळल्यापासून ३० दिवसांत कमिटीचं मत, भरपाईसह. तांड्यावर राहणारा रुग्ण घरीच गेला, बातमी तिसऱ्या दिवशी आशाताईंकडून आली, तर २४ तास आधीच उलटलेले असतात. अशा वेळी तारीख मागे ओढायची नाही. कळलं त्या दिवशी कळवायचं आणि उशिराचं कारण त्याच पत्रात द्यायचं. महिन्यातून एकदा बसणारी कमिटी ३० दिवसांची मुदत हमखास चुकवते. तीन-चार जणांची एसएई (गंभीर प्रतिकूल घटना) उपसमिती आणि तातडीच्या बैठकीची तरतूद एसओपीत नसेल, तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्यावा.

नवा कन्सेंट घ्यायचा, पण माणूस उसाच्या फडात

नियमबदलाचा शेवटचा धागा सहभागी माणसापर्यंत जातो, आणि तिथे मराठवाड्याचं वास्तव आडवं येतं. दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलला परततात. डेटाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, ऐन गळीत हंगामात. नवं माहितीपत्रक वाचून दाखवायचं तर सहभागी कारखान्याच्या कोपीत, फोन नवऱ्याकडे, नवरा गाडीवर.

काही गोष्टी एसओपीत आधीच लिहून ठेवता येतात. बदल सुरक्षिततेचा असेल, म्हणजे औषधाचा नवा दुष्परिणाम कळला असेल, तर थांबायचं नाही: फोनवर सांगायचं, कोणी, कधी, कुणाला सांगितलं ते लिहायचं, सही परतल्यावर. बदल कागदोपत्री असेल तर परतीपर्यंत थांबायचं आणि तोवर नव्या कलमाखालची कोणतीही कृती त्या व्यक्तीवर करायची नाही. मुकादमासमोर कन्सेंट घ्यायचा नाही. उचल त्याच्याकडून घेतलेली असते, ‘सही कर’ म्हणाला की सही होते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो म्हणून दोघांची एकच सही घेतलेली फाइलही दिसते. दोन माणसं, दोन कन्सेंट.

२०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. विषय गाजला, की त्यावरचे सिनॉप्सिस वाढतात. त्याच गावात त्याच बाईला तिसरा सर्व्हे करणारा तेच प्रश्न विचारतो, आणि बाईच्या पदरात काही पडत नाही. आधी इथे कुणी काय विचारून गेलंय ते प्रस्तावात लिहा, ही अट कमिटी घालू शकते.

वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्षपाती साक्षीदार लागतो. अभ्यासाकडून प्रति रुग्ण पैसे घेणारी आशा निःपक्षपाती नसते. आणि भाषा: माहितीपत्रक मराठीत असलं म्हणजे झालं असं नाही. ‘आपले यादृच्छिकीकरण करण्यात येईल’ हे वाक्य मंजूर होऊन गेलेल्या फायली आहेत. ‘तुम्हाला कुठली गोळी मिळेल हे चिठ्ठी उचलल्यासारखं ठरेल, डॉक्टरसुद्धा ते ठरवणार नाहीत’ असं लिहिलं की कळतं. प्लासिबोला ‘दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी’. बिलोली-देगलूरला तेलुगू, उमरग्याला कन्नड, शहरांत उर्दू, तांड्यावर गोरमाटी. गोरमाटीला छापील पत्रक नसलं तरी बोलून सांगणारा माणूस लागतो.

ऑडिओ-व्हिडिओ कन्सेंटचा इतिहास इथे उपयोगी आहे. २०१३ च्या अखेरीस तो सगळ्या चाचण्यांना लागू झाला, २०१५ मध्ये आक्रसून नव्या रेणूंच्या (आधी मंजूर नसलेल्या औषधांच्या) चाचण्यांतल्या दुर्बल घटकांपुरता राहिला, आणि एचआयव्ही-कुष्ठरोगाच्या औषधांसाठी नुसता आवाज पुरेसा ठरला. मधल्या काळातली रेकॉर्डिंगं कुठे आहेत, असं आज विचारलं तर बऱ्याच ठिकाणी बदलून गेलेल्या रजिस्ट्रारच्या लॅपटॉपमध्ये, हे उत्तर मिळेल. नियम सैल झाला म्हणून जुनं रेकॉर्डिंग पुसता येत नाही. अभ्यास संपल्यावर पाच वर्षं कागद जपायचे असतात.

डेटाच्या नव्या कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण अटींसह: त्या डेटावरून त्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही, आणि नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टातली मानकं पाळायची. गरजेपुरताच डेटा, गरजेपुरताच काळ, आणि सुरक्षितता. थीसिसच्या फायलीत सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे प्रवासखर्चासाठी घेतलेली आधारची झेरॉक्स त्याच केस रेकॉर्ड फॉर्मला टाचलेली. दोन्ही वेगळे ठेवा, मध्ये फक्त कोड नंबर, आणि नाव-नंबराची यादी गाइडच्या कुलपात. एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना कोपऱ्यातलं नाव झाकणं, गूगल फॉर्मवर ईमेल गोळा करण्याचं बटण बंद करणं, याला पैसे लागत नाहीत. मुलांच्या बाबतीत दोन चौकटी एकावर एक येतात: आयसीएमआरप्रमाणे ७ ते १२ तोंडी संमती, १२ ते १८ लेखी, आणि डेटा कायद्यात, वरची संशोधनाची सूट लागू होत नसेल तर, १८ पर्यंत पालकांची पडताळता येईल अशी संमती. एक घेतली म्हणून दुसरी सुटत नाही.

पैशाचं धोरण वेगळं सांगायला हवं, कारण ते कमिटीकडे येतच नाही. २०२० मध्ये एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) बदलला आणि परदेशी निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. गावातली छोटी संस्था पोटअनुदानावर फॉलोअप करत होती, तो फॉलोअप गेला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने यूएसएडचं (तिच्या परदेशी मदत संस्थेचं) काम थांबवलं, तेव्हा जगभर चाचण्या मधेच तुटल्या. त्यामुळे प्रस्तावाच्या अर्जात एक ओळ वाढवलेली बरी: निधी अचानक थांबल्यास आधीच औषध सुरू झालेल्यांचं काय, किती महिन्यांचं औषध हातात आहे, आणि त्यांना कोण जाऊन सांगेल? उत्तरात ‘नियमानुसार कार्यवाही केली जाईल’ आलं तर फाइल परत.

हे सगळं झाल्यावर मिनिट्स. ‘नवीन नियमांनुसार मंजूर’ असं मोघम लिहिलं, तर पाच वर्षांनी तपासणीत ते कुणालाच सिद्ध करता येत नाही. लिहायचं ते असं: ‘अमुक फाइल, कन्सेंट फॉर्म मराठी आवृत्ती ३, अमुक तारखेची, अमुक अधिसूचनेतल्या अमुक कलमामुळे बदल, सहभागी घेणं चालू, आजवर ४२, त्यांपैकी ११ ऊसतोडीला, परतल्यावर एप्रिलअखेर पुन्हा संमती, तोवर नवीन नमुना संकलन नाही, कोरम उपस्थित, पीआय चर्चेच्या वेळी बाहेर.’ खाली अध्यक्षांची सही, आणि तारीख बैठकीची.